टोपणभर औषध

विमान उडवण्याआधी मला फुंकावं लागतं. मुठीत मावेल एवढं यंत्र, त्याला कोरी नळी, समोर चित्रीकरणासाठी धरलेला मोबाइल आणि गाल फुगवून फुंकणारा मी. यंत्रानं शून्य दाखवलं तर मी कॅप्टन. नाही दाखवलं तर घरी. दारू मी कॉलेजात दोनदा प्यायलो, दोन्ही वेळा उलट्या झाल्या आणि विषय संपला. तरीही प्रत्येक वेळी नळी ओठांत धरली की आदल्या दिवशी काय काय खाल्लं-प्यायलं ते मी मनात मोजतो. समोरून पोलीस आला की काही न केलेल्या माणसालाही आपलाच खिसा चाचपावासा वाटतो, त्यातला प्रकार.

आमची कंपनी भाड्यानं विमान देते. वेळापत्रक नावाची गोष्ट आमच्याकडे नाही. कोणाला तरी कुठेतरी जायचं असतं, की माझा फोन वाजतो आणि दोन तासांत मी विमानापाशी हजर पाहिजे. ऑन-कॉल असलेल्या दिवशी मी न्हाव्याकडे जात नाही, कारण अर्धी दाढी झाली आणि फोन आला तर काय? आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीत ठेवतो. बायको म्हणते, फोनची जेवढी काळजी घेता तेवढी माझी घेतली असती तर. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी फोन बघून घेतलेला असतो. बहुतेक वेळा तो वाजलेलाच नसतो.

मुळात मी घाबरट माणूस आहे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा, गॅस बंद केला का हे अर्ध्या रस्त्यातून फोन करून विचारणारा. लोकांना वाटतं वैमानिक म्हणजे छातीचा माणूस. माझ्या मते या धंद्यात भित्रे लोकच म्हातारे होतात. आणि भित्र्या माणसाला नियम फार आवडतात. नियमाच्या मागे उभं राहिलं की आपण भित्रे आहोत हे कोणाला दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर एक मुलगी सहवैमानिक होती. उमरखेडची. आपल्याच यवतमाळ जिल्ह्याची म्हणून मला तिचं कौतुक होतं, आणि आपल्याच जिल्ह्याची म्हणूनच मी तिच्याशी जास्त कडक वागायचो. चारचौघांत ती शुद्ध मराठी आणि इंग्रजी बोलायची. कॉकपिटचं दार लागलं की म्हणायची, "सर, समोर ढग गंज झाले बरं का, कसं करता?" गंज म्हणजे पुष्कळ; आमच्याकडचा हा शब्द ऐकून मला बरं वाटायचं. हात चांगला होता तिचा. विमान उतरवताना माझ्यापेक्षा चांगला, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

एका सकाळी ती नाक ओढत आली. यंत्राकडे जाण्याआधी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, गावाहून आई आलीय. निघताना तिनं खोकल्याचं औषध पाजलं. मी घाईत होते, बाटली बघितलीच नाही. वीस मिनिटं थांबून फुंकू का?"

प्रवासी यायला चांगली चाळीस मिनिटं होती. मी घड्याळ पाहिलं. एरवी मी तिला अगंतुगं करायचो. त्या दिवशी म्हणालो, "फुंका."

यंत्रात आकडा आला. नियमाप्रमाणे थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं, तेव्हाही तो पुरता गेलेला नव्हता. ती रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "सर, आईला विचारा. मी फोन लावून देते." आणि तेव्हा सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "यंत्रात आकडा आला की सगळ्यांचीच आई वैद्य होते."

लोक हसले. सामान चढवणारे हसले, ऑफिसातली माणसं हसली. पुढे ते वाक्य कंपनीत माझ्या नावावर चालू लागलं. नवीन पोरांना ट्रेनिंगमध्ये ऐकवायचे. मलाही त्याची थोडी ऐट वाटायची, हे आता लपवून उपयोग नाही. अहवाल मीच लिहिला. त्यात औषधाचा उल्लेख केला नाही. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. तिचं लायसन तीन महिने थांबलं आणि आमच्या कंपनीनं तिला परत घेतलं नाही. मी मात्र त्या रात्री नीट झोपलो.

यंदा दिवाळी झाल्यावर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या एका मालकाच्या कुटुंबाला आम्ही यवतमाळला घेऊन गेलो. त्यांच्या नात्यात लग्न होतं. तीन दिवस विमान तिथल्या धावपट्टीवर उभं राहणार आणि तिसऱ्या दिवशी चार वाजता परत निघायचं, असं ठरलं होतं. सहवैमानिक हॉटेलात थांबला. विमानाची देखभाल करणारा आमचा तंत्रज्ञ मारेगावकडचा, तो आपल्या बहिणीकडे राहिला. माझं गाव महागाव तालुक्यात, गाडीनं दीड तासावर. मी मुंबईच्या ऑफिसात मॅनेजरला फोन केला आणि गावी जाऊ का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "जा, पण फोन लागला पाहिजे आणि दोन तासांत पोचलं पाहिजे." कधी नव्हे ते मला घर मिळालं. मी गाडीवाल्यासकट भाड्याची गाडी घेतली आणि निघालो.

आम्ही आईला माय म्हणतो. वडील गेल्यापासून शेती तीच बघते. कपाशी, सोयाबीन, तूर. मी आलोय तर चांगला वार बघून करू, म्हणून तिनं कापसाची पहिली वेचणी दोन दिवस अडवून धरली. वेचणीच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, चार झाडांना हळदकुंकू वाहायचं, मग कापसाला हात लावायचा. घरातलं माणूस हजर असलेलं बरं, असं मायचं म्हणणं. वेचायला आलेल्या बाया कमरेला ओटी बांधून दोन दिवस ताटकळल्या आणि त्यांनी मला बघून तोंडं मुरडली, ती रास्तच होती.

मला दोन दिवसांपासून खोकला होता. रात्री माय दोनदा उठून आली. "रातभर खोकून राह्यला तू," असं म्हणून ती सकाळी मध-आलं घेऊन मागे लागली. मी तिला म्हटलं, धूळ आहे, जाईल. खरं म्हणजे खोकणाऱ्या वैमानिकानं कंपनीच्या डॉक्टरला कळवायचं असतं. कळवलं असतं तर मला बसवलं असतं आणि दुसरा कॅप्टन पाठवला असता. मग गावी राहणंही गेलं असतं. म्हणून मी त्याला धूळ म्हणत राहिलो. दुसऱ्यांच्या बाबतीत नियमाच्या मागे उभा राहणारा मी, स्वतःच्या वेळी नियमाच्या बाजूनं अलगद निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सीतादही झालं. माय दहीभात ठेवून हात जोडते न जोडते तोच माझा फोन वाजला. मॅनेजर होता. "कॅप्टन, पार्टीला चारऐवजी एक वाजता निघायचंय. जमेल ना?" ऑन-कॉल माणसाला जमेल का विचारतात तो नुसता शिष्टाचार असतो. साडेनऊ झाले होते. मी वावरातून चपला हातात घेऊन पळालो.

गणवेश चढवून मी बाहेर आलो तर माय जरीच्या काठाचं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन गाडीपाशी उभी होती.

"मी येते," ती म्हणाली.

"माय, बाया वेचायला लागल्या ना. तू इथं पाह्यजे."

"त्या वेचतीन. आजवर तुले इमान उडवताना म्या कधी पाह्यलं काय? नाई पाह्यलं. आज पाहीन."

ती खरं बोलत होती. बावीस वर्षं मी उडतोय आणि मायनं मला उडताना पाहिलेलं नाही. कारण ऑन-कॉल माणसाला कोणाला आमंत्रणच देता येत नाही. कधी कुठून निघणार हे मलाच दोन तास आधी कळतं. एकदा तिला नागपूरला बोलावलं होतं. ती एसटीनं पोचेस्तोवर मी रायपूरला होतो. मी हिशेब केला. धावपट्टीवर ती गाडीत बसेल, मी गेलो की गाडीवाला तिला परत आणून सोडेल. म्हटलं, चल.

रस्ताभर मी स्टिअरिंग घट्ट धरून होतो. गाडीवाल्याला मी मागे बसवलं होतं, कारण दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. पुढे कापसाच्या गाड्या, वरून फुगलेल्या आणि रस्ता अडवणाऱ्या. आर्णीपाशी एक ट्रॅक्टर आडवा झाला आणि तिथे आठ मिनिटं गेली. मी तोंडानं वारा, वजन, इंधन पुटपुटत होतो. माय शेजारी बसून विचारत होती, "इमानात तुले मांगं पाहाले येते काय?" "पाखरू आलं तं हॉर्न वाजवता काय?" मी हुं हुं करत होतो आणि खोकत होतो. प्रत्येक खोकल्याला तिचं डोकं माझ्याकडे वळत होतं.

साडेअकराला आम्ही पोचलो. फाटकावरच्या माणसानं आमची गाडी आत कडुनिंबाखाली लावू दिली. तिथून विमान शंभर पावलांवर उभं होतं. मायनं काचेतून पाहिलं आणि म्हणाली, "लहानसंच हाये." तंत्रज्ञ हसला. मी उतरलो तोच पुन्हा मॅनेजरचा फोन. प्रवासी एक वाढलाय आणि लग्नातल्या साड्यांच्या दोन बॅगा वाढल्यात. फोन कान आणि खांद्यात दाबून, बॉनेटवर कागद ठेवून मी वजनाची बेरीज मांडायला लागलो. इंधन किती कमी करावं लागेल, वाटेत उतरावं लागेल का. मॅनेजर घाई करत होता. मला खोकल्याची ढास लागली.

तेवढ्यात माझ्या ओठांना काहीतरी लागलं. मी बघितलं नाही. माझे डोळे आकड्यांवर होते. तोंड आपोआप उघडलं. गोड, आंबूस, दाट असं काहीतरी जिभेवर आलं आणि मी गिळलं. वयाच्या पन्नाशीला, अंगात चार पट्ट्यांचा गणवेश असताना, मायनं ओठाला काही लावलं की माझं तोंड उघडतं, हे मलाच माहीत नव्हतं. मग घशातून छातीपर्यंत ऊन ऊन उतरत गेलं आणि माझा हात थांबला.

"माय, काय देल्लं तू?"

"औषध. द्राक्षासव. टोपणभरच तं देल्लं," गाडीतून कधी उतरली कोण जाणे, ती टोपण पुसत म्हणाली. "सकाळपासून छातीत घरघर होऊन राह्यली तुह्या."

मी तिच्या हातातून बाटली घेतली. लेबलावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, स्वयंनिर्मित अल्कोहोल आहे. फोनवर मॅनेजर हॅलो हॅलो करत होता. मी तो बंद केला. बावीस वर्षांत ऑफिसचा फोन मी मध्येच कधी बंद केला नव्हता.

उडण्याआधी बारा तास दारूचा थेंब नाही, आणि दारूचा अंश असलेलं औषधही नाही. हे मी नवीन पोरांना तोंडपाठ शिकवलंय. आता यंत्रात आकडा आला तर? लायसन. नोकरी. पन्नाशीला मला दुसरं काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर कंपनीतले चेहरे आले. काय म्हणतील ते ऐकूही यायला लागलं, कारण ते वाक्य माझंच होतं. पाठीतून घाम निघाला. हिवाळ्याची हवा असूनही शर्ट चिकटला.

तंत्रज्ञानं माझा चेहरा पाहिला, बाटली पाहिली, आणि त्याला सगळं समजलं. यंत्र त्याच्याकडेच असतं. त्यानं मला बाजूला घेतलं.

"सर, कायले एवढं टेन्शन घेता? हे तोंडात राह्यते फक्त. तीन-चार चुळा भरा, पानी प्या, वीस मिनिटं सावलीत बसा. मंग फुंका. शून्य नाई आलं तं माह्यं नाव बदला. पार्टी याले अजून येळ हाये. कोनाले कायले सांगाचं?"

तो बरोबर बोलत होता. टोपणभर औषधानं माणसाला काही होत नाही. वीस मिनिटांत तोंडातून ते निघून गेलं असतं, यंत्रात शून्य आलं असतं आणि कोणाचा जीवही धोक्यात नव्हता. मी त्यानं दिलेली पाण्याची बाटली घेतली. एक चूळ भरली, दोन भरल्या. गाडीच्या सावलीत बसलो आणि घड्याळ लावलं. अकरा सत्तेचाळीस.

वीस मिनिटं. हा आकडा मी कुठे ऐकला होता, हे आठवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिनं एवढीच मागितली होती. माझ्याकडे चाळीस होती. द्यायला माझं काहीच गेलं नसतं, आणि मी घड्याळ पाहून फुंका म्हणालो होतो. आता मी सावलीत बसून तीच वीस मिनिटं स्वतःला वाढून घेत होतो, कोणाला न विचारता.

मला खूप लाज वाटली. ती थांबवता येत नव्हती. मी उठलो, पुन्हा बसलो. एक मन म्हणत होतं, तेव्हाचं तेव्हा होतं, आता गप बस, आठ मिनिटं गेलीत, बारा राहिलीत. दुसरं मन म्हणत होतं, आणि यंत्र बिघडलेलं निघालं तर? शून्य आलं नाही तर? मग तू आधी का बोलला नाहीस, असं विचारतील. शेवटी मी जे केलं त्यात पश्चात्ताप किती होता आणि भीती किती होती, हे मला आजही वेगळं करून सांगता येत नाही. बारा वाजायला एक मिनिट कमी असताना मी मॅनेजरला फोन लावला.

"मी उडण्याच्या स्थितीत नाही," मी म्हणालो. "अल्कोहोल असलेलं औषध घेतलं गेलंय. चाचणी मी देत नाही, आधीच कळवतोय. दोन दिवसांपासून खोकलाही आहे, तोही कळवायला हवा होता."

"कॅप्टन, काय बोलताय? पार्टी निघालीय हॉटेलातून! दुसरा कॅप्टन मी आता कुठून आणू? असं कसं घेतलं औषध? कोणी दिलं?"

"आईनं."

मॅनेजर हसला. रागातलं हसणं होतं. "तुमचंच ना हो ते वाक्य, कॅप्टन? सगळ्यांचीच आई..." त्यानं पुढचं सोडून दिलं. लेखी खुलासा पाठवा, म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढे महिनाभर मला घरी बसवलं. खुलासे झाले, डॉक्टरांची तपासणी झाली, ताकीद मिळाली आणि लायसन वाचलं. पण त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. त्या दुपारी माझ्या हिशेबानं सगळं संपलं होतं.

पार्टी आली. सहवैमानिकानं त्यांना सांगितलं की कॅप्टन आजारी आहेत. मालक माझ्याकडे आले, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "उभे तर आहात चांगले." मी माफी मागितली. ते दोन गाड्या करून नागपूरकडे निघाले. साड्यांच्या बॅगा पुन्हा टपावर चढल्या. तंत्रज्ञ यंत्राची पेटी बंद करत माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, शून्यच आलं असतं." मी म्हटलं, माहीत आहे.

माय गाडीत बसून विमानाकडे बघत होती. मी काचेपाशी गेलो.

"काहून थांबलं?" तिनं विचारलं.

"विमानात बिघाड झाला, माय. आज उडत नाही."

"खोटं नको बोलू, बाबू. काच उघडी हाये. म्या सारं आयकलं." मग पिशवीचा बंद दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "माह्यानं झालं."

"तुझ्यानं नाही झालं," मी म्हणालो. पण मी ते नीट म्हणालो नाही. माझं डोकं अजून लायसनमध्ये होतं आणि आवाजात राग होता. तिला तो राग ऐकू आला. ती काच वर करायला लागली, ती कशी करायची हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी धावपट्टीच्या कडेनं चालत गेलो. उमरखेडच्या त्या मुलीचा नंबर माझ्याकडे अजून होता. तीन वर्षांत मी तो लावला नव्हता. दुसऱ्या रिंगला तिनं उचलला. ती आता दुसऱ्या कंपनीत उडते, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"बोला सर." आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

मी घडलेलं सगळं एका दमात सांगितलं. बाटली, टोपण, वीस मिनिटं. शेवटी म्हणालो, "तू त्या दिवशी खरं बोलत होतीस."

"मी खरं बोलत होते हे मला माहीत होतं, सर," ती म्हणाली.

मी अहवालाबद्दल म्हणालो, मी औषधाचं लिहायला हवं होतं, अजूनही लिहून देतो, कुठे द्यायचं सांग. ती म्हणाली, "त्याची गरज नाही आता. वर्ष गेलं, पण नोकरी मिळाली. लायसन परत आलं. ते सगळं परत आलं, सर." मग एकदम घरच्या बोलीत बोलायला लागली, कॉकपिटचं दार लागल्यावर बोलायची तशी. "पन त्या दिवसापासून आईनं मले तिच्या हातानं काही देल्लं नाई. कोनीतरी तुमचं ते बोलणं घरी सांगतलं होतं. मले ताप आला तरी हळदीचं दूध करते, ओट्यावर ठेवते आन् बाहीर निंगून जाते. म्हनते, तुह्यं तू पाहून घे त्यात काय हाये थे. मी हजारदा सांगतलं. आयकत नाई."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे सर," पुन्हा शुद्ध भाषेत, आणि फोन ठेवला. तिनं माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही नव्हता.

दोनला आम्ही परत निघालो. गाडीवाल्याला मी चालवायला दिली, स्वतः मागे मायशेजारी बसलो. सकाळी इतके प्रश्न विचारणारी माय गप्प होती. पिशवी तिनं मांडीवर न घेता पायाशी, पार कोपऱ्यात ढकलली होती. रस्त्यावर कापसाच्या गाड्या तशाच चालल्या होत्या.

आर्णी मागे पडल्यावर मला पुन्हा ढास लागली. चांगली लांबलचक. डोळ्यांत पाणी आलं. मायचा हात पायाशी गेला. पिशवीत शिरला. आणि तिथेच थांबला. मग रिकामाच परत आला, आणि तिनं तो दुसऱ्या हाताखाली, मांडीवर दाबून धरला.

मी गाडीवाल्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"माय, औषध दे."

"नाई, बापा. मी नाई देत." तिनं पदर तोंडाला लावला. "तुह्यी नोकरी जाईन."

"आज मी कामावर नाही. उद्याही नाही. मला कोणी बोलावणार नाही." मी फोन काढला, तिच्या समोर बंद केला आणि खिशात टाकला. "खोकला आहे मला. दे."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती, मी खोटं बोलतोय का ते तपासत. मग तिनं बाटली काढली. टोपण भरताना थोडं लुगड्याच्या काठावर सांडलं. तिनं भरलेलं टोपण माझ्यापुढे धरलं, मी हातात घ्यावं म्हणून.

मी हात पुढे केला नाही. तोंड उघडलं.

"मोठं उघड," माय म्हणाली, "अर्धं सांडते नाई तं."